दोन कुलपांमागची देवी

नोकरीत इतकी प्रकरणे हाताखालून गेली, पण पिडारीच्या देवळाचे प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, साधी चोरीसुद्धा नव्हती. तक्रार एवढीच होती की, कुलूप लावलेल्या देवळात कोणीतरी देवीची पूजा करते आहे.

मी तेव्हा पापनाशम भागातल्या एका ठाण्यावर निरीक्षक होतो. आमचे घराणे तंजावरचे मराठी. घरी मराठी बोलतो, पण तिला तमिळचा सूर आहे, आणि देवनागरी वाचणारे आमच्यात आता थोडेच उरले आहेत. वडिलांनी हट्टाने शिकवली म्हणून मी हे लिहू शकतो. घरचे सोडले तर या आठवणीतले सारे बोलणे तमिळमध्ये झाले. ते मी माझ्या मराठीत उतरवतो आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मात्र कुठेही देणार नाही.

पिडारी म्हणजे गावाच्या वेशीवरची देवी. महाराष्ट्रात मरीआई असते तशी. या गावातली पिडारी चुन्या-विटांची, रंगवलेली, मोठ्या डोळ्यांची. देऊळ लहान, कालव्याच्या काठी, ताडांच्या रांगेत. पुढे लोखंडी जाळीचे दार. तिची सेवा दोन घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. एक घर पूजा करायचे, दुसरे घर उडुक्कै वाजवून तिचे गाणे म्हणायचे. उडुक्कै म्हणजे आपल्या डमरूसारखे हातातले वाद्य. गाण्याशिवाय पूजा पुरी होत नाही आणि पूजेशिवाय गाणे म्हणायचे नाही, असा रिवाज. म्हणून जाळीच्या दाराला दोन कुलपे होती. एकाची चावी पूजेच्या घरी, दुसऱ्याची गाण्याच्या घरी. एकट्याला दार उघडताच येऊ नये, अशी जुन्या लोकांनी करून ठेवलेली व्यवस्था.

भांडण सुरू झाले ते देऊळ नव्याने बांधण्यावरून. गाण्याच्या घरचा मुलगा सिंगापूरला नोकरीला होता. रजेवर आला तेव्हा त्याने विषय काढला की, छत गळते आहे, मित्रांना घेऊन आपण पक्के देऊळ बांधू. पण पक्के बांधायचे तर देवीला काही महिने जागेवरून हलवावे लागणार. पूजेच्या घरचे म्हातारे उसळले. “माझ्या आज्यानं तिला हलवलं नाही, पणज्यानं हलवलं नाही. मी हलवू?” गाण्याच्या घरचे म्हातारेही काही कमी नव्हते. “म्हणजे तिच्या डोक्यावर पाणी गळू द्यायचं?” शब्दाला शब्द वाढला. दोघांनी आपापल्या चाव्या घरी नेऊन टांगल्या, आणि देऊळ बंद झाले.

बंद झाले, पण काही दिवसांनी संध्याकाळी कालव्यावरून येणाऱ्या लोकांना जाळीच्या आत समई तेवताना दिसली. देवीच्या गळ्यात लाल कण्हेरीची माळ, कपाळी ताजे कुंकू, पुढची फरशी धुतलेली. दोन्ही कुलपे जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मग काय विचारता! आसपासच्या गावांतून लोक मोपेडवर बसून दर्शनाला येऊ लागले. देवी स्वतःच दिवा लावून घेते, अशी बोलवा झाली. कुठून तरी एक तरुण मोबाईल काठीला लावून चित्रण करायला आला. आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन अर्ज आले.

पूजेच्या घरच्या म्हाताऱ्यांचे म्हणणे, सिंगापूरवाल्या मुलाने त्यांच्या कुलपाची नकली चावी बनवली. तो आत जातो, देवीला हलवायची तयारी करतो. गाण्याच्या घरच्यांचे म्हणणे नेमके उलटे. पूजेच्या घरच्यांनीच नकली चावी केली आणि आमच्या गाण्याशिवाय पूजा चालवली, हा आमच्या घराण्याचा अपमान आहे.

आमच्याकडे गुन्हा लगेच नोंदवायचा नसेल तर अर्जाची नोंद करून अर्जदाराला पावती देतात. तशा दोघांना पावत्या दिल्या आणि चौकशी हाती घेतली. हेड कॉन्स्टेबलला आमच्याकडे एट्टय्या म्हणतात. माझे एट्टय्या नोकरीत मुरलेले. ते म्हणाले, “सार, हे हसण्यावारी नेऊ नका. पंगुनी महिना जवळ आलाय.”

पंगुनीत देवीचा उत्सव. आधी काप्पू बांधतात, म्हणजे हळकुंडाचा दोरा बांधून उत्सवाची सुरुवात करतात. तो कोण बांधणार, दार कोण उघडणार, यावरून गाव दोन तट करून बसले होते. एट्टय्यांचे बोलणे खरे ठरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर दोन्हीकडची पोरे एकमेकांना भिडली आणि मध्ये पडलेल्या एका बिचाऱ्या शिंप्याचे डोके फुटले. तहसीलदारांनी मला स्पष्ट सांगितले की, शांतता बैठक घेऊ. तिथे उलगडा झाला नाही तर देवळाला सरकारी सील लागेल आणि यंदा उत्सव होणार नाही.

दुसरी काळजी त्या मुलाची होती. सगळा संशय त्याच्यावर. बंद जागेत घुसल्याचा गुन्हा नोंदवला असता तर त्याचे परत जाणे अडकले असते, नोकरी गेली असती. मी त्याला ठाण्यात बोलावून बराच वेळ प्रश्न विचारले. खोटे बोलणारा माणूस जास्त तपशील देतो, असा माझा अनुभव. हा मुलगा उलट वैतागला होता.

“सार, मला आत जायचंच असतं तर मी कॅमेरा बसवा म्हणून मागे लागलो असतो का?”

“तू मागे लागला होतास?”

“विचारा ना दोघांना! मी म्हटलं, छोटा कॅमेरा लावतो, चोर कळेल. माझे अप्पा म्हणाले, देवीवर पाळत ठेवतोस? आणि पूजेच्या घरचे मामाही तेच म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.”

मी खात्री केली. ते खरे होते.

दोन्ही म्हाताऱ्यांना वेगवेगळे विचारले. चावी कुठे असते? दोघांचेही उत्तर तेच की, घरात, खुंटीवर, माझ्या डोळ्यांसमोर. कोणाला दिली होती? कोणालाही नाही. दुसऱ्या घराशी वाकडे कोणाकोणाचे? यावर पूजेच्या घरचे म्हातारे ताडकन म्हणाले, “आमच्या घरातलं कुत्रंसुद्धा तिकडे जात नाही.” कुलपे नीट तपासली. त्यावर खरवडल्याची खूण नव्हती. काही रात्री दोन शिपाई ताडांच्या मागे बसवले. त्यांना डासांखेरीज काही मिळाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समई पुन्हा तेवत होती. शिपायांपैकी एकाने येता-जाता देवीला हात जोडायला सुरुवात केली.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे देवीस कोण जेवू घालतंय, तेच तुमचा गुन्हेगार?” आणि हसत सुटली. मला हसू आले नाही, पण तिचे म्हणणे डोक्यात राहिले. चोर शोधायची आम्हाला सवय. घेऊन कोण गेले, ते आम्ही बघतो. इथे कोणीतरी रोज काहीतरी आणून ठेवत होते.

म्हणून एकदा मी संध्याकाळची वाट न पाहता चारच्या सुमारास एकटाच देवळाकडे गेलो. ऊन अजून कडक होते. जाळीतून पाहिले तर समई पेटलेली होती, आणि तिच्यातले तेल बरेच उतरलेले. कण्हेरीची माळ पार मलूल झालेली. संध्याकाळी लोकांना जे दिसायचे, ते मुळी संध्याकाळी होतच नव्हते. ते त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असायचे.

कधी? सकाळी कालव्यावर धुण्याची गर्दी असते, तेव्हा दिवा दिसला असता. उरली भरदुपार. आणि भरदुपारी त्या बाजूला कोणी फिरकत नाही, कारण सूर्य डोक्यावर असताना पिडारी शेतांतून फिरते आणि वाटेत आलेल्याला धरते, असा समज. गुरे राखणारासुद्धा तेव्हा गावाकडे सरकतो. माझे शिपाई त्या गावचे नव्हते, तरी त्यांनीही दुपार सोडून रात्रीच पहारा केला होता. मीच तसा हुकूम दिला होता; चोर रात्री येतो असे आम्ही धरूनच चालतो.

याला पुरावा मिळाला तो अगदी अनपेक्षितपणे. कापणी झाली की आमच्या भागात बदकवाले येतात. शेकडो बदके घेऊन मोकळ्या शेतांतून हिंडतात. सांडलेले भात बदके खातात. असा एक बदकवाला, दूर उत्तरेकडच्या जिल्ह्यातला, मुक्काम टाकल्याची खबर द्यायला ठाण्यात आला होता. एट्टय्या त्याचे नाव-गाव लिहून घेत होते. तो जाता जाता सहज म्हणाला, “चांगलं गाव आहे, अय्या. दुपारी ताडाखाली पडलो की देवळातल्या बायकांचं गाणं ऐकू येतं.”

मी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. “बायकांचं?”

“दोघी असतात. एक गाते. दुसरी मध्येच एखादा शब्द धरते.”

तो बाहेरचा माणूस. दुपारी तिकडे जायचे नसते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गणवेश न घालता गेलो. बरोबर त्या गावातली घरे ओळखणारी एक महिला कॉन्स्टेबल, तीही साध्या साडीत. आम्ही कालव्याच्या बांधाआड बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. थोड्या वेळाने पश्चिमेकडून एक बाई आली, कमरेवर पितळी कळशी, पाण्याला निघाल्यासारखी. ठेंगणी, झपझप चालणारी. मागोमाग पूर्वेकडून दुसरी, डोक्यावर धुण्याचे गाठोडे. ही उंच, संथ. दोघीही साठीच्या आसपास. दोघींनी इकडेतिकडे पाहिले. पहिलीने कमरेची चावी काढून एक कुलूप उघडले, दुसरीने दुसरे. आणि दोघी आत गेल्या.

महिला कॉन्स्टेबल माझ्या कानाशी पुटपुटली, “सार, ती उंच बाई पूजेच्या घरची. म्हाताऱ्यांची बायको.”

“आणि ठेंगणी?”

“गाण्याच्या घरची. सिंगापूरवाल्याची आई.”

एवढे दिवस आम्ही नकली चाव्या शोधत होतो. दोन वैरी घरे एकत्र येऊन खऱ्या चाव्यांनी दार उघडत असतील, हे माझ्याच काय, सबंध गावाच्या मनात आले नव्हते.

आतून फरशी धुतल्याचा आवाज आला. मग वात लावली असावी. आणि मग गाणे. आवाज काही गोड नव्हता, वयाने चिरकलेला होता, पण ताल पक्का. उडुक्कै नव्हते; ती कळशीच्या काठावर बोटांनी ठेका धरत होती. देवी नदी उतरून गावात कशी आली, त्याचे ते गाणे. मी कायद्याने तेव्हाच उठून आत जायला हवे होते. गाणे संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

त्या बाहेर आल्या आणि मला पाहून जागीच थिजल्या. ठेंगणीच्या हातून कळशी सुटली. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आणि घरी जाऊन विचारावे तर सगळे उघडे पडणार. म्हणून तिथेच पायरीवर, महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी विचारले.

“अम्मा, कधीपासून चाललंय हे?”

उंच बाई खाली मान घालून म्हणाली, “कुलपं लागली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. देवळापुढून जाताना आत अंधार दिसायचा, अय्या. जेवण घशाखाली उतरायचं नाही.”

“चाव्या?”

“जेवण झालं की ते ओट्यावर आडवे होतात. यांच्याकडचेही तसेच. घोरायला लागले की खुंटीवरून काढायची, उठायच्या आत परत टांगायची.”

“गाभाऱ्यात बायकांनी जायचा रिवाज आहे तुमच्यात?”

“नाही.” तिने मान वर केली. “पण रोज नैवेद्य कोण रांधतं? माळ कोण ओवते? ते आत नेतात, एवढंच. तेवढं आम्हाला जमलं.”

ठेंगणी एकदम म्हणाली, “अय्या, माझ्या मुलावर केस करणार का?”

“बैठकीत खुलासा झाला नाही तर करावी लागेल. सगळा संशय त्याच्यावर आहे.”

“त्याला काही माहीत नाही हो!”

“मला माहीत आहे. पण गावाला माहीत नाही.”

ती रडली नाही. पदराने तोंड पुसले आणि मैत्रिणीकडे पाहत राहिली. मी म्हणालो, “मी होऊन तुमचं नाव घेणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. बैठक परवा आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

बैठक देवळापुढच्या मोकळ्या जागेत झाली. तहसीलदार खुर्चीवर, दोन्ही बाजू जमिनीवर समोरासमोर, मध्ये माझे शिपाई. बायका लांब ताडांच्या सावलीत. तहसीलदारांनी सील लावण्याची गोष्ट काढली तसा एकच गलका सुरू झाला. पूजेच्या घरच्या एका पुतण्याने उभे राहून त्या मुलाकडे बोट केले, “यानंच चावी केली. याला आत घाला!”

तेवढ्यात बायकांतून ठेंगणी उठली. लोकांतून वाट काढत थेट पुढे आली. तिचा नवरा ओरडला, “तुझं काय काम इथं?”

“माझ्या मुलानं चावी केली नाही,” ती म्हणाली. “आपल्या घरची चावी मी नेली. रोज नेते.”

मग पूजेच्या घरचे म्हातारे काठी टेकत उठले. “आणि आमचं कुलूप? ते कसं उघडलं?”

“ते मी उघडलं,” मागून आवाज आला. त्यांची बायको येऊन मैत्रिणीच्या बाजूला उभी राहिली.

म्हातारे तिच्याकडे वळले. “तू? गाभाऱ्यात?”

“तुम्ही कुलूप लावून बसलात. मग दिवा कोणी लावायचा होता?”

मी शिपायांना खुणेने जवळ सरकायला सांगितले. काय होईल, याचा मला भरवसा नव्हता. पण गाण्याच्या घरच्या म्हाताऱ्यांनी विचारले ते भलतेच. त्यांनी बायकोला विचारले, “गाणं कोणी म्हटलं?”

“मी.”

“कोणतं?”

“तुम्ही म्हणता तेच. इतकी वर्षं घरात दुसरं ऐकलंय काय?”

“म्हण बघू.”

ती म्हणाली, “इथं? सगळ्यांसमोर?”

“देवीसमोर म्हटलंस ना? म्हण.”

आणि त्या बाईने, तहसीलदारासमोर, पोलिसांसमोर, अख्ख्या गावासमोर, डोळे मिटून गायला सुरुवात केली. म्हातारे मान तिरकी करून ऐकत होते. देवी नदीपाशी येते तिथे त्यांनी हात वर केला. “चुकलीस. ‘नदी उतरून’ नाही. ‘नदी तुडवून’.”

“उतरूनच आहे.”

“तुडवून!”

“ती बरोबर म्हणते,” पूजेच्या घरचे म्हातारे म्हणाले. “तुझा बाप ‘उतरून’ असंच म्हणायचा. मी त्याच्या शेजारी उभा राहून आरती धरलीय. ‘तुडवून’ तू घातलंस.”

भांडण झाल्यापासून त्या दोघांनी एकमेकांना उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. गाण्याच्या घरच्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. “माझा बाप म्हातारपणी विसरायला लागला होता.”

“विसरत नव्हता. तूच तेव्हा कुठं ऐकायचास?”

दोघे म्हातारे एका शब्दावरून असे काही जुंपले की, बाकी सगळे गप्प बसून ऐकू लागले. कोणीतरी हसले. तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले. सीलचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

उत्सव झाला. काप्पू दोन्ही घरांनी मिळून बांधला. देवीला न हलवता तिच्यावर नवे छत घालायचे ठरले. मुलाने ते काम पुढच्या रजेत करून घेतले. चहाच्या टपरीवरची मारामारी शिंप्याने माफ करून मिटवली. मी दोन्ही अर्ज ‘गुन्हा घडलेला नाही’ असा शेरा मारून निकाली काढले. दोन्ही बायका मात्र उत्सवात पुन्हा गर्दीत, दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या. पूजा पुरुषांनी केली, गाणे पुरुषांनी म्हटले. ते मला खटकले, पण त्यात बोलायचा माझा अधिकार नव्हता.

निवृत्तीनंतर एकदा बायकोला घेऊन त्या बाजूला गेलो होतो. देऊळ बघायची तिची फार इच्छा. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती, आणि त्या दोघी पायरीवर बसून कोवळे ताडगोळे खात होत्या. मला ओळखून उठायला लागल्या. मी बसा म्हटले. मग, चौकशीत विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला, “पहिल्यांदा कोणाच्या मनात आलं हे?”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ठेंगणी म्हणाली, “अय्या, आम्ही एकाच गावच्या. एकाच पंगुनीत इथं लग्न होऊन आलो. कालव्यावर रोज भेटायचो. भांडण झालं आणि घरच्यांनी बोलणं बंद केलं. मग भेटायचं कुठं? दुपारी जिथं कोणी येत नाही अशी गावात एकच जागा.”

“म्हणजे देवीसाठी नाही?”

“देवीसाठीच,” उंच बाई गडबडीने म्हणाली. मग ठेंगणीकडे बघून, “नुसतं देवीसाठी नाही.”

बायको त्यांच्यात जाऊन बसली, आणि थोड्या वेळाने तिघी अशा काही गप्पांना लागल्या की, मला कालव्यावर फेरी मारून यावे लागले.

त्या फेरीत मी विचार करत होतो. गुन्ह्याच्या तपासात आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो की, कोणाचे कोणाशी वाकडे आहे? उत्तरही लगेच मिळते, सगळे गाव पुढे होऊन सांगते. त्या प्रकरणात मी तो प्रश्न दोन्ही घरांत, टपरीवर, गावभर विचारला होता, आणि मिळालेले प्रत्येक उत्तर खरे होते. कोणाचे कोणाशी जमते, हे मात्र मी कोणालाच विचारले नव्हते. तेवढे विचारले असते तर कालव्यावरच्या कोणत्याही बाईने मला पहिल्याच दिवशी त्या दोघींची नावे सांगितली असती.